गट्टूंखालची वाट

वाट तुम्ही मारली. ठेकेदारानं नाही, जेसीबीवाल्यानं नाही, पावसानं तर नाहीच नाही. तुम्ही. सही तुमची, फीत तुमच्या हातानं कापली गेली, आणि कोनशिलेवर जे नाव कोरलंय तेही तुमचंच, सोनेरी अक्षरात. मग आता ऐकूनही तुम्हीच घ्या. फाईलीत हे सापडायचं नाही तुम्हाला. ज्या बाईची ही गोष्ट आहे तिचं नाव तुमच्या एकाही धड कागदावर नाही. एका कागदावर आहे, पण तिथं ती गुन्हेगार आहे. ते पुढं येईलच.

बाईचं नाव लीलाबाई. तिरोड्याच्या कडेला मोहटोली म्हणून वस्ती आहे. शहर तिथवर येऊन दमतं आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. त्या वस्तीत निळ्या झेंड्याच्या चौकापासून तिसरं घर तिचं. नवरा देवीदास, बाजारलाईनीत त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. एकच मुलगी मोनाली, ती गोंदियाला ऑनलाईन सेंटरवर कामाला. सहा वर्षांपूर्वी साखरेनं लीलाबाईचे डोळे नेले. आधी डावा, मग उजवा. नागपूरपर्यंत जाऊन आले, डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली.

पंधरा दिवस लीलाबाई खाटेवर बसून होती. सोळाव्या दिवशी उजाडायच्या आधी देवीदास जागा झाला तर खाट रिकामी. माणसाच्या मनात येतं तेच त्याच्या मनात आलं. तो आधी विहिरीत वाकून आला, मग रेल्वे लाईनीकडं पळाला, तिथून बांध्यांच्या धुऱ्यावरून धापा टाकत भुरी बोडीवर. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, वस्तीपासून पाऊण किलोमीटरवर. तिथं पाळीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, लीलाबाई पाय सोडून बसलेली, पदरात मूठभर पातूरची भाजी.

"कोनं आनलं वं तुले इथं?"

"कोन आनन? पायानं आली."

"तुले दिसत नाई, लीला!"

"डोक्यावर जळतनाची मोरी असली का खाली दिसे का मले? वीस वर्सं आनली ना ह्याच वाटेनं. तवा तुमी कधी म्हनलं नाई, लीला, तुले दिसत नाई म्हनून."

खरंच होतं ते. जळतणाची मोळी डोक्यावर घेतली की मान ताठ ठेवावी लागते. खाली पाहिलं की मोळी गेली, आणि मोळीबरोबर मानही जायची. म्हणून मोहटोलीच्या बाया रांगेनं चालायच्या. सगळ्यात पुढची रिकामी असायची, ती ओरडत जायची, दगड, काटा, मूळ, आणि मागच्या सगळ्या न पाहता पाय उचलायच्या. वर्षभरात पुढचीला ओरडावंही लागत नसे. लीलाबाईच्या तळव्यांनी ती वाट तेव्हाच पाठ केली होती, डोळे शाबूत असताना. पिठाच्या चक्कीमागून निघायचं. मग धुरा, दोन बांध्यांमधला बांध, एका पावलाएवढा रुंद, दोन्ही अंगांना घसरता. मग चिकणमाती संपून मुरूम लागतो, गुळगुळीत नाही, बारीक टोचणारा. मग मोहाचं झाड, त्याचं एक मूळ वाटेवर आडवं आलेलं. तिथं पाय उचलायचा आणि डाव्या हाताला वळायचं. वळायचं का? तर समोर मोह आणि ऐन अशी दोन झाडं जवळजवळ उभी होती, आडवी मोळी त्यांच्यातून निघत नव्हती. पन्नास वर्षांच्या मोळ्यांनी ते वळण घातलं होतं. तुमच्या इंजिनीअरला ते चूक वाटलं.

त्या दिवसापासून रोज पहाटे लीलाबाई एकटी जायची. चप्पल नाही, काठी नाही. देवीदासनं दोन-चार वेळा सोबत जायचं केलं, तिनं हाकलून दिलं.

"दिवसभर तुमी हात धरता, मोनाली हात धरते, शेजारीन हात धरते. बस, पडशील. थांब, लागन. त्या एका घंट्यात मले कोनी काई म्हनत नाई. तेवढा तरी मायाजवर राहू द्या."

आता देवीदासचं ऐका, कारण पाप त्याच्या हातून घडलं. ते तुम्ही घडवून घेतलं.

देवीदासला वाटांचा नाद. सायकल दुरुस्त करणारा माणूस, पण स्वतः पायी. दर रविवारी दुकान बंद करून तो निघायचा. नहराच्या काठानं, रेल्वे लाईनीच्या बाजूनं, नकटी पहाडीवर, बांबूच्या बनातून पलीकडच्या गावाला. तिरोड्याच्या चारी बाजूंनी कुठली पायवाट कुठं जाते, कुठली उन्हाळ्यात उघडते आणि पावसात बुडते, कुठं रानडुकराचा धोका, कुठं दुपारी बाराला सावली, सगळं त्याच्या डोक्यात. गावातल्या बागेत जायचं तर त्या बागेला कुलूप. किल्ली ज्या माणसाकडं तो दुसऱ्या गावाला राहतो, आणि आतल्या घसरगुंडीचा पत्रा कुणीतरी काढून कोंबड्यांच्या खुराड्याला लावला. मग लोक जाणार कुठं? हळूहळू देवीदाससोबत लोक यायला लागले. मास्तर, दवाखान्यातली नर्स, बँकेतला पोरगा. आणि दुलीचंद. दुलीचंद पोवार समाजातला, किराण्याचा दुकानदार, पोटानं भारी, जिभेनं त्याहून.

"अरे देवीदास," तो पहाडीवर अर्ध्यात बसकण मारून म्हणायचा, "तू सायकलवाला का सायकलीचा दुश्मन? तुझ्या मागं लोक पैदल चालायला लागले त तुझी दुकान बंद होऊन जाईल ना गा!"

"तुया पोट कमी झालं त तुयी दुकान बंद होईन. आधी तूच खाते ना माल."

"बोल ले, बोल ले. उतरताना मलेच खांदा मागशील."

असं चाललं होतं. वाईट काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तुमची पांढरी गाडी दुलीचंदच्या दुकानासमोर थांबली.

साहेब उतरले. तुमचेच साहेब, नाव घेत नाही. हातात टॅब, सोबत दोन पोरं, एकाकडं डबीएवढं यंत्र. शहराभोवती निसर्गवाट करायची आहे म्हणाले, योजना आली आहे, इथले रस्ते कुणाला माहीत आहेत? दुलीचंदनं छाती पुढं काढून बोट दाखवलं. "वो देखो साब, पंक्चर बना रहा है ना, वो. पूरे तिरोडा का नक्शा उसके पाँव में है."

देवीदासनं ट्यूब हातातून ठेवली. हात ग्रीसचे होते, ते त्यानं पाठीमागं लपवले. आणि साहेबांनी तोच हात ओढून हातात घेतला.

"देवीदासजी, आप हमारे गाईड."

जी. छप्पन वर्षांत त्याला कुणी जी म्हटलं नव्हतं. शाळेत गुरुजींनी नाही, बँकेत नाही, दुकानात सायकल ढकलत आणणाऱ्या पोराटोरांनीही नाही. तेवढ्या एका अक्षरानं माणूस किती फुगतो ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्हाला ते जन्मल्यापासून मिळतं.

तीन दिवस त्यानं दुकान उघडलं नाही. साहेबांना सगळीकडं फिरवलं. आणि आपल्या झाडीपट्टीतली एक रीत आहे, ती त्यानं पाळली. रानात नवा माणूस सोबत असला की पुढं चालणाऱ्यानं प्रत्येक फाट्यावर एक डहाळी मोडायची आणि वाटेच्या तोंडाशी टाकायची. पाहुणा उद्या एकटा आला तर चुकू नये म्हणून. ही पाहुण्याची इज्जत. देवीदास प्रत्येक फाट्यावर डहाळी मोडत गेला. मागून यंत्रवाला पोरगा त्या प्रत्येक डहाळीपाशी थांबून बटण दाबत होता. देवीदासला त्याचा अर्थ लागला नाही. त्याला वाटलं, पोरगं वाट नीट शिकून राहिलं.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना साहेबांनी विचारलं, "यात सगळ्यात सोपी वाट कोणती? म्हातारे, बायका, दिव्यांग, सगळ्यांना चालता येईल अशी? वरून तशी अट आहे."

इथं जीभ चावायला हवी होती. देवीदासनं नाही चावली. उलट अभिमानानं सांगितलं.

"साहेब, माई बायको आंधरी हाये. रोज सकारी एकटी बोडीवर जाते. काठी बी नाई घेत."

साहेब कपात बिस्कीट बुडवता बुडवता थांबले. बिस्कीट तुटून चहात पडलं. "दाखवा," ते म्हणाले.

त्यानं दाखवली. चक्कीपासून पाळीपर्यंत, दोन फाटे, दोन डहाळ्या. संध्याकाळी घरी आला तो गाणं गुणगुणत. लीलाबाईला म्हणाला, साहेबानं मले जी म्हनलं वं. वाट दाखवल्याचं मात्र बोलला नाही. का बोलला नाही, ते त्यालाही सांगता येत नाही. कुठंतरी आत टोचलं असेल.

मार्चमध्ये जेसीबी आलं.

योजनेत तीस वाटा होत्या, कागदावर रंगीत. काम निघालं एकाच वाटेचं. सोपी ना! बाकीच्या एकोणतीस वाटांवर तुमचा एकही माणूस पुन्हा फिरकला नाही. धुरा खोदून दोन मीटर रुंद केला. मुरूम उकरून गिट्टी ओतली. मोहाचं मूळ पोकलेनच्या एका दातानं गेलं आणि पुढच्या चैत्रापर्यंत झाडही गेलं. वळण काढून रेघ सरळ केली, कारण सरळ रेघेचं माप काढायला सोपं. वरून लाल-करडे गट्टू, सिमेंटचे ठोकळे. दोन्ही बाजूंना लोखंडी जाळी. चक्कीमागं कमान, कमानीला फाटक, फाटकाला वेळ, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. आणि कमानीवर सिमेंटच्या सारसाची जोडी, इतकी बेढब फुगलेली की दुलीचंद म्हणाला, "ये सारस है का बदक? उडाले त कमान घेऊन उडतीन."

तोवर लीलाबाई घरात अडकली होती. मोहाची फुलं गळायचा हंगाम होता, वास घरापर्यंत यायचा, आणि ती उंबऱ्यात बसून नाक वर करून वास घ्यायची. देवीदास समजूत काढायचा.

"थोडे दिस थांब. चांगली वाट होऊन राहिली."

"होती ते काऊन वाईट होती?"

"तसं नाई वं. पक्की होईन. चिखल नाई, काटा नाई."

"चिखल नाई त मले कसं समजन, चक्की मागं गेली का नाई?"

देवीदास दुकानात गेला.

जुलैत फीत कापली. भाषण झालं. सर्वसमावेशक असा शब्द सात वेळा आला, मोनालीनं मोजला. ती रविवारची घरी आली होती. भाषणात हेही आलं की ही वाट दृष्टिहीन बांधवांसाठी विशेष टाईल्स लावून तयार केली आहे. टाळ्या झाल्या. दृष्टिहीन भगिनी तिथून दोनशे पावलांवर आपल्या घरी तांदूळ निवडत बसली होती, तिला बोलवायला कुणी गेलं नाही.

फाटकावर चौकीदार म्हणून वस्तीतलाच नंदलाल लागला. दोन लेकरांचा बाप, त्याआधी वीटभट्टीवर. लीलाबाई पहिल्यांदा पहाटे फाटकाशी जाऊन उभी राहिली तेव्हा त्यानं आतून पाहिलं आणि त्याला राहवलं नाही.

"काकू, आठ वाजता उघडते ना हे."

"आठ वाजता ऊन येते. मंग तुयासारखे दहा लोक हात धराले येतेत. सोड गा नंदलाल, बोडीवर जाऊन येतो म्हनलं त तुया बाप बी आडवत नव्हता मले."

नंदलालनं फाटकाची लहान झडप उघडली. आठवडाभर तो तिला झडपेतून सोडत राहिला. पण ती चालणार कशी? पायाखाली सगळं सारखं. पहिल्या पावलाला जे, तेच शंभराव्या पावलाला. चक्की मागं पडली की नाही कळेना, धुरा संपला की नाही कळेना. जाळीला हात लावत वीस पावलं जायची आणि माघारी यायची. आठव्या दिवशी, श्रावणाचा पहिला आठवडा, रात्रभर पाऊस पडून थांबलेला, नंदलाल म्हणाला, "काकू, जाळी कायले धरता? मधात ह्या पिवळ्या फरश्या हायेत, उंचवट्याच्या. तुमच्यासारख्यायसाठीच हायेत. साहेबानं सांगतलं, त्याच्यावरून पाय ठेवत गेलं का आंधरा मानूस सीधा पाळीवर."

"खरं?"

"भाषणात सांगतलं ना."

लीलाबाईनं पाय ठेवला. उंच पट्ट्या तळव्याला लागल्या. "टोचतेत गा," ती हसून म्हणाली. नंदलाल सांगतो की कित्येक महिन्यांत काकूला त्यानं तेव्हाच हसताना पाहिलं. ती जाळी सोडून मधोमध चालायला लागली. पुढं पट्टी होती आणि पट्टी सरळ होती. तिनं विश्वास ठेवला. वीस वर्षं पुढची बाई दगड म्हणाली की पाय उचलायचा, हा तिचा धर्म. पिवळी फरशी म्हणजे तिच्यासाठी पुढं चालणारी बाईच होती.

फरशी पाळीपर्यंत पोचतच नव्हती. खड्ड्यात संपत होती. तिसऱ्या सारसासाठी पाया खोदला होता, छातीएवढा, पिवळ्या पट्टीच्या बरोबर नाकासमोर. फरशी लावणाऱ्यानं नकाशाप्रमाणे लावली, खड्डा खोदणाऱ्यानं नकाशाप्रमाणे खोदला. थांबा सांगणारी ठिपक्यांची फरशी मध्ये टाकायची असते म्हणतात. ती पेटी जाळीमागं पडून होती, प्लास्टिकही फाडलं नव्हतं. फळी नाही, दोरी नाही, बोर्ड नाही. बोर्ड असता तरी तिला काय.

नंदलालनं तिला खड्ड्यात साचलेल्या पावसाच्या पाण्यातून काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. गोंदियात ऑपरेशन झालं, आत सळई टाकली, तीन महिने खाटेवर.

तुमची चौकशी झाली. निकाल पंधरा दिवसांत आला, एवढ्या झपाट्यानं तुम्ही आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. सदर महिलेनं वेळेपूर्वी अनधिकृत प्रवेश केला, चौकीदारानं कर्तव्यात कसूर केली. हाच तो कागद, ज्यावर लीलाबाईचं नाव आहे. नंदलालला काढलं. तो पुन्हा वीटभट्टीवर गेला. जाण्याआधी घरी येऊन खाटेच्या पायथ्याशी बसला आणि रडला.

"काकू, मीच म्हनलं, पिवळीवरून चाला म्हनून."

"तुले बी कोनीतरी सांगतलंच असन ना. जा, घरी जा. लेकरं वाट पाहत असतीन."

हाड जुळलं. दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, आता चालवा. वॉकर आणला. लीलाबाई खाटेपासून दारापर्यंत गेली, दारातून माघारी आली. उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायचं नाव घेईना. देवीदासनं खूप केलं. मग एका रविवारी त्यानं दुलीचंदची मारुती मागितली, लीलाबाईला बसवलं आणि बोदलकसाच्या मोठ्या तलावावर नेलं. रानातली वाट, मातीची, तिथं अजून कुणाचा गट्टू पोचलेला नाही. दुलीचंद गाडीपाशी थांबला, आणि देवीदासनं तिला काठाच्या झाडांमधून जाणाऱ्या पायवाटेवर उभं केलं, चपला काढून.

"माती हाये. पाहा पाय लावून. चिकनी नाई, मुरमाची बी नाई, मधातली हाये. शिक. दर रविवारी आनतो तुले. वर्सभरात पाठ होईन."

लीलाबाईनं अंगठा मातीत रोवला. पाण्यावर कुठंतरी मासे धरणाऱ्या ढीवराची नाव होती, तिच्या वल्ह्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "दुसऱ्याची वाट हाये हे."

"अवं पन..."

"ह्या वाटेले ज्या बायायनं मोऱ्या आनल्या, त्यायले मालूम. मी चोपन्न वर्साची आता कवा शिकू? आन शिकली त गाडीनं यायचं, तुमी आनायचं, तुमीच न्यायचं. मंग एकटी कवा?"

देवीदासच्या पोटातलं तेव्हा बाहेर पडलं. "लीला, मीनंच दाखवली साहेबाले तुयी वाट. मीनंच सांगतलं."

"मालूम हाये."

"कोनं सांगतलं?"

"कोनी नाई. तुमी गाना म्हनत आले ना त्या संध्याकारी, तिच्या दुसऱ्या दिवशी सकारी गेली त फाट्यावर ताज्या डहारीचा वास आला. एका फाट्यावर ऐनाची, दुसऱ्यावर पळसाची. आपल्या वाटेवर डहारी कायले मोडन कोनी? पाहुना आनला असन तवाच मोडते. आन पाहुना आननारा मोहटोलीत एकच."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी खुस होते," लीलाबाई म्हणाली. "लई वर्सांनी."

देवीदास त्या पायवाटेवरच बसला. दुलीचंद लांबून ओरडला, "काय गा, खांदा देऊ का?" मग तो जवळ आला, दोघांची तोंडं पाहिली, आणि लीलाबाईच्या चपला उचलून तिच्या पायांपाशी ठेवल्या.

नंतर अर्ज. मोनालीनं सेंटरवर स्वतः टाईप केला. पूर्वीची वाट जाळीबाहेरून का होईना मोकळी करून द्या, धुरा पुन्हा बांधून द्या, तिथं आमची आई चालत होती. एक महिना, दोन महिने, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. तुमचं उत्तर आलं एका पानाचं. मोनालीनं ते आईला वाचून दाखवलं, कारण आईनं हट्ट धरला. अभिलेख तपासले असता सदर ठिकाणी यापूर्वी कोणतीही पायवाट अस्तित्वात असल्याचे आढळून येत नाही. सबब मागणी मान्य करता येत नाही.

"म्हनजे?" लीलाबाईनं विचारलं.

"म्हनजे तिथं वाट नव्हतीच, माय."

"मंग मी कुठं जात होती?"

मोनालीनं कागदाची घडी केली. ती पोरगी रोज शेकडो लोकांचे अर्ज भरते, तिला कधी रडू येत नाही. त्या दिवशी न्हाणीत जाऊन नळ सोडून उभी राहिली, आवाज ऐकू जाऊ नये म्हणून. पण लीलाबाईला ऐकू येतंच.

तुमच्या गट्टूंचं सांगायचं तर दुसऱ्या पावसातच ते खचले. खालून चिखल वर आला, मधले उपटून लोकांनी आपल्या अंगणात लावले. फाटकाला आता कायमचं कुलूप आहे, देखभालीअभावी बंद असं लिहून. आत काँग्रेस गवत माजलंय कमरेएवढं. म्हणजे तुमच्याही कामाची नाही आणि आमच्याही. जाळी मात्र शाबूत आहे. ती कुणाला उपटता आली नाही.

देवीदासनं रविवारची फिरती बंद केली. मास्तर येऊन गेला दोनदा, नर्स येऊन गेली. तो म्हणतो, मले वाटा आठवत नाई आता. खोटं बोलतो. परवा दुकानात एक पोरगा आला, हातात मोबाईल, कॉलेजातला असावा. काका, नकटी पहाडीवर जायला वाट कुठून आहे, मित्रांना न्यायचंय. देवीदासनं त्याच्याकडं पाहिलं आणि सांगितलं, तिकडं वाट नाई. पोरगा म्हणाला, पण लोक तर जायचे ना? देवीदास म्हणाला, नाई, कधीच कोनी जात नव्हतं. आणि मान खाली घालून तो चेन घासत बसला. ज्या माणसानं या गावाला चालायला शिकवलं, त्याच्या तोंडात तुम्ही तुमचंच वाक्य घातलंत.

आणि लीलाबाई? ती घरात आहे. खाट ते दार अकरा पावलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर मोनालीनं फरशी बसवून घेतली, वॉकर रुतू नये म्हणून. तळव्यांची जुनी जाड कातडी सोलून निघाली, खालून पोरीसारखे मऊ तळवे आले. त्यावरून बोट फिरवत ती एकदा म्हणाली, "डोरे गेले तवा मी रडली नाई. हे पाय गेले." साखर वाढली आहे. डॉक्टर म्हणतात, रोज एक तास चाललंच पाहिजे. चिठ्ठीवर लिहून देतात, दर वेळेला, खाली रेघ मारून.

मोनालीचा दुसरा अर्ज तुमच्या टेबलावर पडून चार महिने झाले. त्यात पैसे मागितलेले नाहीत, नोकरी मागितलेली नाही, कुणाला शिक्षा करा असंही म्हटलेलं नाही. एकच प्रश्न आहे. लीलाबाई अजून रोज पहाटे साडेपाचला जागी होते, सवय मोडत नाही. पदर खोचते, दारापर्यंत येते, चौकटीला हात लावून उभी राहते. समोर तुमची जाळी, डावीकडं नाली, उजवीकडं रस्ता आणि त्यावर रेतीचे ट्रक. तर उद्या पहाटे त्या बाईनं उंबऱ्याबाहेर पहिला पाय कुठं ठेवायचा? अभिलेख तपासा, नकाशा काढा, साहेबांना गाडी घेऊन पाठवा, पण सांगा. कुठं ठेवायचा? लेखी द्या, सही करून.